पंप, बर्फ आणि साठ वर्षे : मॅडिसनच्या प्रत्यारोपण विभागाची वाटचाल

मॅडिसन ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले, सरकारी कचेऱ्या आणि विद्यापीठ यांच्या जिवावर चालणारे शहर. राज्याची ख्याती दुधाची आणि चीजची. वैद्यकातली मोठी नावे घ्यायची झाली तर लोक बोस्टन, पिट्सबर्ग, सॅन फ्रान्सिस्को म्हणतील, मॅडिसन पटकन कुणाच्या तोंडी येणार नाही. पण अवयव प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियागृहात गेलात तर थंड द्रावणाच्या पिशवीवर ‘यूडब्ल्यू’ ही अक्षरे दिसतील. ती युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिनची. या विद्यापीठाच्या रुग्णालयात पहिले किडनी प्रत्यारोपण झाले ते 1966 साली. म्हणजे 2026 हे विभागाचे हीरक महोत्सवी वर्ष.

साठ वर्षांत या विभागाने किडनी, यकृत, स्वादुपिंड, हृदय, फुप्फुस असे सगळे अवयव हाताळले. त्या प्रत्येकाचा इतिहास लिहायचा तर एक स्मरणिका पुरायची नाही. म्हणून इथे एकच धागा धरला आहे: दात्याच्या शरीरातून काढलेली किडनी दुसऱ्या शरीरात बसेपर्यंत जिवंत कशी ठेवायची. माझ्या मते मॅडिसनची खरी कमाई तीच. बाकीच्या गोष्टी इतरांनीही केल्या. तास वाढवण्याचे काम मात्र प्रामुख्याने इथे झाले.

1966 पूर्वी

शरीराबाहेर अवयव जगवण्याची कल्पना जुनी आहे. फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी कॅरेल आणि अटलांटिक एकट्याने ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग या जोडगोळीने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये 1935 साली काचेचा एक पंप तयार केला. त्यात प्राण्यांचे अवयव काही दिवस टिकले. काम अचंबित करणारे होते, पण त्या काळी कुठलाच अवयव माणसात बसत नव्हता, त्यामुळे पंप प्रदर्शनापुरता राहिला.

बोस्टनमध्ये 23 डिसेंबर 1954 रोजी जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी जुळ्या भावाला बसवली. दाता आणि रुग्ण एकाच इमारतीत, एकाच वेळी टेबलावर. किडनी टिकवण्याचा प्रश्नच नव्हता. तो उभा राहिला मृत दात्यांची किडनी घ्यायला लागल्यावर. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1965 साली असा प्रयत्न झाला होता, हे इथे नोंदवायला हरकत नाही.

1966–1975 : सुरुवात, आणि सॅन फ्रान्सिस्कोतला पाहुणा

विस्कॉन्सिनमध्ये पहिले प्रत्यारोपण झाले तेव्हा रुग्णालय विद्यापीठाच्या जुन्या आवारात होते. साधने तुटपुंजी, औषधे मोजकीच: अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड. मेंदूमृत्यूची व्याख्या हार्वर्डच्या समितीने 1968 मध्ये मांडली, म्हणजे त्याआधी दात्याचे हृदय थांबण्याची वाट पाहणे आले. हृदय थांबले की किडनीचा रक्तपुरवठा बंद, आणि उबदार शरीरात प्रत्येक मिनिटाला पेशी मरू लागतात. पुढे ऊतींची जुळणी तपासायला काही तास, रुग्णाला घरून बोलवायला काही तास, त्याचा डायलिसिस करायला आणखी काही. किडनीला इतका धीर कुठून असणार? त्या पहिल्या वर्षांतल्या मंडळींनी कसा मार्ग काढला असेल, हे आजच्या निवासी डॉक्टरांना सांगूनही पटत नाही.

याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत फोल्कर्ट बेल्झर नावाचा तरुण शल्यविशारद वेगळ्याच खटपटीत होता. जन्म तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमधला, शिक्षण अमेरिकेत. किडनीच्या धमनीत नळी घालून तिच्यातून थंड प्लाझ्मा ठेक्यात फिरवायचा, तो पुन्हा गोळा करायचा, प्राणवायू मिसळून परत आत पाठवायचा, असे त्याचे यंत्र. अडचण अशी की काही तासांत दाब चढत जाई आणि किडनी तुंबून जाई. कारण सापडले ते प्लाझ्मा गोठवून वितळवल्यावर: स्निग्ध प्रथिनांचे कण गोळा होऊन वेगळे पडतात. तेच कण केशवाहिन्यांत अडकत होते. प्लाझ्मा आधी गोठवायचा, वितळवायचा, बारीक गाळणीतून गाळायचा आणि मग वापरायचा, एवढा बदल केला आणि दाब स्थिर राहिला. 1967 साली कुत्र्याची किडनी 72 तास टिकवल्याचे त्याने दाखवले. 1968 साली 17 तास यंत्रावर ठेवलेली मानवी किडनी रुग्णात बसवून चालू झाल्याचे प्रसिद्ध झाले. पहिले यंत्र अवजड होते. पुढे ते सुटसुटीत झाले आणि विमानातून नेता येऊ लागले.

गंमत अशी की त्याच कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसला, जेफ्री कॉलिन्स आणि पॉल तेरासाकी यांनी 1969 साली अगदी उलटा मार्ग दाखवला. यंत्रबिंत काही नको. पोटॅशियम जास्त असलेल्या थंड द्रावणाने किडनी आतून धुवायची आणि बर्फात ठेवायची. कुत्र्याची किडनी अशी 30 तास टिकली. स्वस्त, सोपे, कुणालाही जमणारे. इथून ‘पंपवाले’ आणि ‘बर्फवाले’ असे दोन तट पडले, ते आजतागायत पुरते मिटलेले नाहीत.

बेल्झर 1974 मध्ये शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख म्हणून मॅडिसनला आले आणि पंपही सोबत आला. त्याआधी 1972 च्या कायद्याने अमेरिकेत डायलिसिस आणि किडनी प्रत्यारोपणाचा खर्च सरकारी विम्यात आला होता. पैशाअभावी नाकारला जाणारा रुग्ण आता प्रतीक्षायादीत येऊ लागला. विभागाला उभारी मिळाली ती या दोन गोष्टींच्या जोडीने.

1976–1985 : चाकूवाले आणि रसायनवाले

बेल्झर यांचा मोठेपणा त्यांच्या हातकसबात होताच. पण त्याहून मोठा होता तो आपल्याला काय येत नाही हे ओळखण्यात. किडनी थंडीत का मरते, हे शल्यविशारदाला ठाऊक नव्हते. त्यांनी जेम्स सदर्ड या जीवरसायनशास्त्रज्ञाला सोबत घेतले. सदर्ड पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांचे अभ्यासक. पुढची वीस वर्षे हे दोघे एकमेकांच्या प्रयोगशाळेत ये-जा करीत राहिले.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. थंड केल्याने पेशीची भूक कमी होते. तापमान दहा अंश उतरले की चयापचय साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. म्हणून बर्फाचा उपयोग. पण पेशीच्या पटलावर सोडियम बाहेर फेकणारी जी यंत्रणा असते, तीही थंडीत थांबते. सोडियम आत शिरते, त्यामागून पाणी शिरते, पेशी फुगते आणि अखेर फुटते. शिवाय आतली ऊर्जा संपत जाते. आणि पुन्हा रक्त सुरू झाले, की प्राणवायूच्या अचानक भडिमाराने नवीन इजा होते. उपाय करायचा तर या तिन्ही गोष्टींवर एकदम करायला हवा.

प्लाझ्मा दर वेळी वेगळ्या दात्याचा, म्हणून त्याचा भरवसा नाही. त्याऐवजी कृत्रिम द्रावण करण्याचा उद्योग सुरू झाला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पंपासाठीचे ग्लुकोनेटयुक्त द्रावण तयार झाले आणि किडनी तीन दिवस टिकण्याचा पल्ला आवाक्यात आला.

या दशकात रुग्णालय शहराच्या पश्चिमेच्या नव्या इमारतीत गेले, 1979 साली. सायक्लोस्पोरिन 1983 मध्ये बाजारात आल्यावर शरीराने अवयव नाकारण्याचे प्रमाण घटले. हान्स सोलिंगर यांनी स्वादुपिंड प्रत्यारोपणात मॅडिसनचे नाव केले. तुर्कस्तानातून आलेल्या मुन्सी कलायोग्लू यांनी 1984 मध्ये यकृत प्रत्यारोपणाचा कार्यक्रम उभा केला. देशपातळीवर 1984 च्या कायद्याने अवयववाटपाची एकत्र यंत्रणा आली. अवयव दूरवर पाठवायचे, तर ते तितके तास तगायला हवेत, आणि यकृत तर तेव्हा आठ-दहा तासांच्या वर ठेवायला कुणी धजावत नसे.

  

1986–1995 : पिवळसर द्रावण

हे दशक मॅडिसनचे. जरा सविस्तर लिहितो.

पंपासाठी जमवलेले ज्ञान साध्या बर्फपेटीत वापरता येईल का, असा प्रश्न घेऊन बेल्झर आणि सदर्ड यांनी एकेक घटक निवडला. पेशीत शिरू न शकणारे मोठे रेणू म्हणून लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज. हे बाहेर राहतात आणि पाण्याला बाहेर धरून ठेवतात. पेशींमधल्या फटीत सूज येऊ नये म्हणून हायड्रॉक्सीइथाइल स्टार्च. ऊर्जेचा कच्चा माल म्हणून अॅडेनोसिन. प्राणवायूच्या भडिमारातली इजा आवरायला ग्लुटाथायोन आणि अॅलोप्युरिनॉल. हे अॅलोप्युरिनॉल म्हणजे आपल्याकडे युरिक अॅसिडच्या रुग्णांना रोज दिली जाणारी गोळी! सोबत फॉस्फेट, मॅग्नेशियम आणि पेशीच्या आतल्याइतके, म्हणजे लिटरला सुमारे 125 मिलिमोल, पोटॅशियम.

1986 मध्ये कुत्र्याचे स्वादुपिंड ‘यूडब्ल्यू’ नावाच्या या द्रावणात साध्या थंडीत 72 तास टिकल्याचे जाहीर झाले. दोन वर्षांत किडनीचेही 72 तास झाले, यकृताचे 48 तासांपर्यंत. 1987 पासून माणसांत वापर सुरू झाला. 1988 मध्ये कलायोग्लू आणि सहकाऱ्यांनी मानवी यकृतांचा अनुभव प्रसिद्ध केला, पाठोपाठ पिट्सबर्गच्या थॉमस स्टार्झल यांच्या गटानेही तेच सांगितले. यकृताची शस्त्रक्रिया तोवर बहुधा मध्यरात्री, घाईत, भाड्याच्या विमानाच्या वेळेवर चाले. आता ती सकाळच्या यादीत घेता येऊ लागली. झोप झालेला शल्यविशारद रुग्णाला हवाच असतो. ही सोय शोधनिबंधात लिहीत नाहीत एवढेच.

वापरणाऱ्याला हे द्रावण सोपे वाटत नाही. लिटरच्या पिशवीत येते, दिसायला फिकट पिवळे आणि हाताला दाटसर. दात्याच्या शरीरात मोठ्या धमनीतून सोडले की किडनी आधी ठिपक्याठिपक्यांची होते, मग हळूहळू तांबूस रंग उतरून राखाडी-पांढरी दिसू लागते. तिच्या शिरेतून येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबायचे, मग तीन पिशव्यांत गुंडाळून बर्फात. बर्फ थेट अंगाला लागता कामा नये, नाहीतर कडा गोठतात. यकृतात मात्र रक्त सुरू करण्याआधी हे द्रावण धुऊन काढावे लागते. पोटॅशियमचा एवढा लोंढा एकदम हृदयाकडे गेला तर हृदयच थांबायचे.

पेटंटचे काम पाहिले विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी 1925 मध्ये स्थापन केलेल्या संशोधन प्रतिष्ठानाने. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनच्या गोळीमागेही हेच प्रतिष्ठान आहे. मिळकतीतला वाटा पुन्हा संशोधनात जातो. आपल्या विद्यापीठांनी या व्यवस्थेचा कधीतरी बारकाईने विचार करावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

युरोपात नेदरलंड्सच्या रुटगर प्लूख यांनी या द्रावणाची परीक्षा पद्धतशीर घेतली. ते स्वतः मॅडिसनच्या प्रयोगशाळेत काम करून गेलेले. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत जुन्या, कॉलिन्स यांच्याच धर्तीच्या युरो-कॉलिन्स द्रावणात ठेवलेल्या किडन्यांपैकी 33 टक्के लगेच कामाला लागल्या नाहीत आणि रुग्णांना काही दिवस डायलिसिस करावा लागला. यूडब्ल्यूत हे प्रमाण 23 टक्के होते.

आणि इथेच या संस्थेच्या इतिहासातला विरोधाभास आहे. ज्या प्रयोगशाळेने पंपासाठी आयुष्य वेचले, तिच्याच द्रावणाने पंप बाजूला पडला. बर्फपेटी आणि पिशवी एवढ्यावर भागत असेल तर यंत्र, वीज, तंत्रज्ञ यांचा खर्च कोण करील? बहुतेक केंद्रांनी यंत्रे मोडीत काढली.

बेल्झर 1995 मध्ये गेले. त्याच वर्षी सोलिंगर यांच्या परिश्रमातून पुढे आलेले मायकोफेनोलेट हे अवयव नाकारणे रोखणारे औषध अमेरिकेत मान्य झाले. आपल्याकडच्या किडनी रुग्णांच्या रोजच्या डब्यात ते आज असतेच.

1996–2005

या दशकात झगमगाट कमी, रोजचे काम जास्त. हृदय थांबल्यावर दान देणाऱ्यांचा कार्यक्रम मॅडिसनने चिकाटीने चालवला. अँथनी डीअलेसांड्रो आणि सहकाऱ्यांचे त्यातले काम पुढे इतरांना उपयोगी पडले. अशा किडन्यांना उबदार अवस्थेत काही मिनिटे काढावी लागलेली असतात. त्यांच्यासाठी पंप मॅडिसनने सोडला नव्हता. जर्मनीतून आलेले एचटीके हे पातळ द्रावण याच काळात जगभर पसरले आणि यूडब्ल्यूला स्पर्धक मिळाला. आपल्याकडच्या रुग्णालयांत दोन्ही दिसतात.

2006–2015 : पंप परत

दात्यांचे सरासरी वय वाढत गेले. उच्च रक्तदाब असलेले, साठी ओलांडलेले, हृदय थांबून गेलेले दाते घ्यावे लागले, कारण यादी लांबत होती. सशक्त किडनी बर्फात तग धरते, थकलेली धरत नाही. पंपाकडे पुन्हा पाहणे भाग पडले.

निर्णायक चाचणी युरोपात झाली, तीही प्लूख यांच्याच गटाने केली. नेदरलंड्स, बेल्जियम आणि जर्मनीचा एक भाग इथल्या 336 दात्यांच्या दोन किडन्यांपैकी एक यंत्रावर आणि दुसरी बर्फात, अशी रचना. दाता तोच, म्हणून तुलना चोख. 2009 साली निकाल आला: लगेच काम न करणाऱ्या किडन्या बर्फात 26.5 टक्के, यंत्रावर 20.8 टक्के. वर्षअखेरीस चालू असलेल्या किडन्या यंत्रावरच्या 94 टक्के, बर्फातल्या 90 टक्के. यंत्र नवे, सुटकेसएवढे. पण त्यातून फिरणारे द्रावण बेल्झर-सदर्ड यांच्या ऐंशीच्या दशकातल्या घडणीचेच.

हे यंत्र चालवताना पाहणाऱ्याला त्यात नाट्य काही दिसणार नाही. किडनी एका पारदर्शक डब्यात, धमनीवर चिमटीसारखी जोडणी, भोवती बर्फ, पडद्यावर चार आकडे: तापमान, दाब, प्रवाह, रोध. दाब 30 मिलिमीटरच्या आसपास धरलेला. तंत्रज्ञ दर तासाला आकडे लिहितो. पहिल्या तासात रोध जास्त असतो. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात. किडनी चांगली असेल तर तो उतरत जातो आणि प्रवाह वाढतो. पाच-सहा तासांनीही उतरला नाही, तर शल्यविशारदाला फोन जातो. पण केवळ त्या आकड्यावर किडनी टाकून देऊ नये, हे आता बहुतेक जाणकार मानतात.

2011 मध्ये मॅडिसनच्या प्रत्यारोपण विभागाची धुरा डिक्सन कॉफमन यांच्याकडे आली.

2016 ते आजपर्यंत

गेल्या दहा वर्षांत प्रश्न पुढच्या पायरीवर गेला. किडनी नुसती टिकवायची, की शरीराबाहेर खरोखर चालवायची? थंड द्रावणात प्राणवायू मिसळला तर फायदा होतो का, हे युरोपातल्या ‘कंपेअर’ चाचणीने पाहिले. 2020 मध्ये तिचा निकाल आला: हृदय थांबून गेलेल्या, पन्नाशीवरच्या दात्यांच्या किडन्यांत वर्षभरात निकामी होण्याचे प्रमाण प्राणवायूसह 3 टक्के, त्याविना 10 टक्के. इंग्लंडमध्ये मायकेल निकोल्सन आणि सारा हॉसगुड यांनी शरीराच्या तापमानाला, लाल रक्तपेशींनी किडनी तासभर चालवली. डब्यातच तिला गुलाबी रंग येतो आणि नळीतून लघवीचे थेंब पडतात. मन हरखून जावे असे दृश्य. पण 338 किडन्यांच्या 2023 मधल्या चाचणीत लगेच काम न करण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच निघाले, साठ टक्क्यांच्या आसपास. पद्धत सुरक्षित ठरली, पण त्या तासाभराचा फायदा सिद्ध झाला नाही.

मॅडिसनच्या विभागाचा आजचा रोख दोन बाजूंना आहे. एक यंत्राचा. दुसरा रुग्णाच्या प्रतिकारशक्तीचा: दात्याच्या रक्ताच्या मूळपेशी किडनीसोबत देऊन रुग्णाचे शरीर तिला आपली मानेल आणि जन्मभराच्या गोळ्या सुटतील, यासाठी कॉफमन यांच्या सहभागाने झालेल्या चाचण्या. निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण, दात्यांच्या नातेवाइकांशी बोलणारे समन्वयक आणि राज्यभरच्या रुग्णालयांशी जोडलेली अवयवदान यंत्रणा अखंड चालू आहे.

या इतिहासात नावे आली ती थोडी. पंपाशेजारी रात्र काढणारे तंत्रज्ञ, द्रावण गाळणारे प्रयोगशाळा सहायक, हिमवादळात पेटी घेऊन निघालेले चालक-वैमानिक, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका, आणि दुःखाच्या घडीला होकार देणारी कुटुंबे यांच्याविना एकही तास वाढला नसता. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांची आठवणही ठेवायला हवी. 72 तासांचा आकडा आधी त्यांच्यावर सिद्ध झाला. हा धागा आपल्यापर्यंतही पोचतो. आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा संसदेत आला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विनंतीवरून. मुंबईत अवयववाटपाचे विभागीय केंद्र 2000 मध्ये सुरू झाले. आपल्या रुग्णालयांतून किडन्यांची ने-आण अजून मुख्यतः बर्फपेटीतूनच होते, आणि त्या पेटीत बहुतेकदा मॅडिसनचे तरी द्रावण असते, नाहीतर त्याचा जर्मन स्पर्धक.